पान कां उघडत नाहीं?

आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. वयाची पंचाहत्तरी उलटली आहे, पण वाचनाचा नाद कमी झालेला नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं ते नातवाला बरोबर घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, आमचें इंटरनेट बिघडलें आहे, पण सगळें नाहीं, दोनच ठिकाणें उघडत नाहींत. एक माझी बँक, आणि दुसरें तें परदेशांतलें ग्रंथालय, जेथें मी जुनीं पुस्तकें वाचीत असतों. पुस्तकांचें राहूं द्या. पण या महिन्याचें निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं, तें तरी पाहावयास हवें." त्यांचें स्वतःचें निदान असें कीं, आपल्याच हातून भलतें बटन दाबलें गेलें असावें. नातवाचें निदान याच्या अगदीं उलट : "आजोबा, तुम्हीं कांहीं केलेलें नाहीं. सरकारनेंच बंद केलें असणार."

श्रोतेहो, हीं दोन निदानें हल्लीं घरोघर ऐकूं येतात. वडील मंडळी दोष स्वतःकडे घेतात, तरुण मंडळी तो सरकारच्या माथीं मारतात, आणि कंपनीच्या टेलिफोनवर बसलेला गृहस्थ राउटर बंद करून पुन्हां सुरू करावयास सांगतो. तिघांचेंहि म्हणणें कधींना कधीं खरें ठरतें. अडचण ही कीं, पडद्यावर उमटणारा संदेश तिन्ही प्रसंगीं जवळजवळ सारखाच असतो. बिघाड कोणता आणि बंदी कोणती हें घरच्या घरीं कसें ओळखावें, एवढ्याच प्रश्नाविषयीं मी आज बोलणार आहें.

प्रथम वाट कशी असते तें पाहूं. आपण एखाद्या स्थळाचें नांव लिहितों, तेव्हां आपला निरोप हवेंतून राउटरकडे जातो. तेथून तो कांचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें कंपनीच्या ठाण्यांत पोंचतो. यंत्रांना नांवें कळत नाहींत, अंक कळतात. म्हणून नांवावरून अंकी पत्ता काढून देणारी एक सूची असते. ही सूचीची योजना पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८३ सालीं आंखली, आणि तिला डी. एन. एस. असें म्हणतात. पत्ता मिळाला म्हणजे निरोप ठाण्यामागून ठाणीं ओलांडीत जातो. कित्येकदां वर्सोव्याच्या किनाऱ्याशीं समुद्रांत शिरून तळाच्या केबलींतून परदेशीं जातो, आणि ज्या यंत्रावर तें पान ठेवलेलें असतें त्याचें दार ठोठावतो. उत्तर येण्यास सेकंदाचा एक लहानसा अंश पुरतो. ता. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतल्या दोन केबली तुटल्या, तेव्हां भारतांतील कचेऱ्यांचीं कामें रखडलीं. त्या दिवशीं आपला राउटर चालूबंद करीत बसलेले लोक किती असतील याची कल्पनाच करावी!

वाट लांब असली कीं शोधण्याची रीत एकच : ती मध्यें तोडून पाहावयाची. अलीकडचा भाग ठीक आहे कीं पलीकडचा, एवढें ठरवावयाचें आणि बिघडलेल्या भागाचे पुन्हां दोन भाग करावयाचे. "इंटरनेट चालत नाहीं" हें वाक्य तोंडांतून निघण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. एकच पान उघडत नाहीं कीं सर्वच? एकाच यंत्रावर कीं घरांतल्या सर्व यंत्रांवर? आणि याच वेळीं दुसऱ्या कंपनीच्या वाटेनें, म्हणजे वायफाय बंद करून मोबाईलच्या स्वतःच्या जोडणीवर, तेंच पान उघडतें काय? या तीन प्रश्नांनीं निम्म्याहून अधिक काम होतें, आणि त्यास कसलेंहि शास्त्र लागत नाहीं.

सर्वच बंद असेल तर घरांतल्या पेटीवरचे दिवे पाहावे. कांचेच्या तंतूची जोडणी असलेल्या पेटीवर एल. ओ. एस. या अक्षरांजवळ तांबडा दिवा लागलेला दिसला, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीं असें समजावें. मग घरांत खटपट करण्यांत अर्थ नाहीं. मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी. ही तार विजेच्या तारेसारखी दुमडून चालत नाहीं. कपाट भिंतीशीं सरकवतांना ती मागें दडपली गेली, कीं वळणाशीं प्रकाश गळून जातो. दिवाळीची साफसफाई झाल्यावर तक्रारी येतात त्यांतल्या कित्येकांचें मूळ या कपाटामागें सांपडेल. आणि राउटर बंद करून सुरू करण्याच्या उपायाला हंसण्याचें कारण नाहीं. तो लहानसा संगणकच आहे. महिनोन् महिने अखंड चालून त्याची स्मृति गोंधळते, आणि दोन मिनिटें वीज तोडल्यानें तो सर्व जोडण्या नव्यानें बांधतो. उपाय चांगला आहे; तो प्रत्येक दुखण्यावर सांगितला जातो, ही तक्रार आहे.

दिवे ठीक आहेत आणि तरी पानें येत नाहींत, असें झालें म्हणजे सूचीवर संशय घ्यावा. संगणकांतील काळ्या खिडकींत 'पिंग' हा शब्द लिहून पुढें एखादा अंकी पत्ता लिहिला, तर त्या पत्त्यावरील यंत्र हांकेला ओ देतें कीं नाहीं हें कळतें. ही लहानशी युक्ति माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानें १९८३ च्या डिसेंबरांत लिहिली. पाणबुडीचा शोध घेतांना जो ध्वनि सोडतात त्यावरून तिला नांव मिळालें. अंकी पत्ता ओ देतो आणि नांव लिहिलें तर कांहींच सांपडत नाहीं, असें दिसलें तर वाट शाबूत असून सूची बिघडलेली आहे. अशा वेळीं राउटरमध्यें दुसऱ्या सार्वजनिक सूचीचा पत्ता, उदाहरणार्थ चार वेळां आठ किंवा चार वेळां एक, लिहून पाहण्यास हरकत नाहीं. कंपनीची सूची आजारी पडणें ही नित्याची बाब आहे.

आतां आमच्या मास्तरांकडे वळूं. मीं त्यांना पहिला प्रश्न विचारला : दोनच ठिकाणें उघडत नाहींत, तर उघडतात तीं कोणतीं? मास्तर गोंधळले. दिवसांतून तीं दोनच ठिकाणें ते उघडीत असत! तिसरें एक वृत्तपत्र उघडून पाहिलें, तर तेंहि उघडेना. पडद्यावर 'ही जोडणी खाजगी नाहीं' अशा अर्थाचा इंग्रजी इशारा येई. मग कोपऱ्यांतल्या घड्याळाकडे लक्ष गेलें. मास्तरांच्या संगणकाच्या मतें तो दिवस १ जानेवारी २०१२ हा होता.

हा दोष वरवर विनोदी वाटतो, पण तो जुन्या संगणकांत वारंवार होतो. आजकाल बहुतेक स्थळें सुरक्षित जोडणी देतात. म्हणजे बोलणें सुरू करण्यापूर्वीं तें स्थळ आपलें एक प्रमाणपत्र दाखवितें. त्या प्रमाणपत्रावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते, आणि ती आपला संगणक आपल्या घड्याळाशीं ताडून पाहतो. घड्याळच वर्षानुवर्षें मागें असेल, तर आजचें खरें प्रमाणपत्र त्यास अद्याप जन्मलेलेंच नसलेलें दिसतें, आणि तो प्रामाणिकपणें दार बंद करतो. संगणक बंद असतांना घड्याळ चालावें म्हणून आंत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला होता. मीं तारीख हातानें बरोबर केली. बँक उघडली. निवृत्तिवेतन जमा झालें होतें.

परंतु ग्रंथालय उघडेना. येथें मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. एक दोष सांपडला कीं, दुसरा नसणारच, असें मन धरून बसतें. मी उठून निघालों होतों. नातवानें मला थांबविलें, हें त्याचें श्रेय.

आम्हीं तेच तीन प्रश्न पुन्हां विचारले. आतां इतर सर्व पानें उघडत होतीं. एकच उघडत नव्हतें. नातवाच्या मोबाईलवर, घरच्या वायफायवरून, तेंहि नाहीं. म्हणजे दोष संगणकाचा नव्हता. वायफाय बंद करून मोबाईलच्या जोडणीवर, जी दुसऱ्या कंपनीची होती, तें लगेच उघडलें. म्हणजे ग्रंथालयाचें यंत्रहि जिवंत होतें. मुलांना अयोग्य स्थळें दिसूं नयेत म्हणून राउटरमध्यें किंवा विषाणुनाशक कार्यक्रमांत गाळणी बसविलेली असते. ती पाहिली, बंद होती. सूचीकडून मिळणारा पत्ताहि बरोबर होता. जोडणी सुरू होई, आणि स्थळाचें नांव पुढें जातांच 'कनेक्शन रीसेट' असा संदेश येऊन ती तुटे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहिलें, तेंच. नातवाचा चेहरा "मीं सांगितलें नव्हतें?" असें म्हणत होता.

एखादें स्थळ कंपनी अडविते तेव्हां काय करते, हें येथें सांगितलें पाहिजे. सर्वांत सोपी रीत सूचींत लबाडी करण्याची : विचारलेल्या नांवाचा पत्ता नाहींच म्हणून सांगावयाचें किंवा भलताच पत्ता द्यावयाचा. दुसरी रीत अंकी पत्त्याकडे जाणारे सर्व निरोप टाकून देण्याची. मग पान फिरत राहतें आणि शेवटीं 'टाइम्ड आउट' असा संदेश येतो. या रीतींत अन्याय असा कीं, एकाच अंकी पत्त्यावर शेंकडों निरनिराळीं स्थळें नांदत असतात, आणि एकाबरोबर सर्वांचीं दारें लागतात. तिसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. सुरक्षित जोडणींत पत्राचा मजकूर बंद असतो, पण पाकिटावरचें नांव अद्याप बहुधा उघडें जातें. वाटेवरील यंत्र तें नांव वाचतें आणि यादींत असेल तर दोन्ही बाजूंस 'जोडणी तोडा' असा खोटा निरोप पाठवितें. मास्तरांच्या घरीं दिसलें तें या तिसऱ्या रीतीशीं जुळणारें होतें. दाट संशय म्हणावा; पुरावा म्हणूं नये. वाटेंतलें एखादें यंत्र चुकीचें बसविलेलें असलें तरीहि असेंच दिसूं शकतें.

पूर्वीं स्थळें असुरक्षित जोडणीवर चालत, तेव्हां कंपनी मध्यें आपलें पान घालून "हें स्थळ सरकारी आदेशानें बंद आहे" असें लिहूं शकत होती, आणि लिहीतहि असे. सुरक्षित जोडणींत तिसऱ्यानें मध्यें बोलूं नये अशीच व्यवस्था असल्यामुळें ती पाटी पुष्कळदां लावतांच येत नाहीं. लावली तर ब्राउझर ती फसवणूक समजून नाकारतो. आपल्या बँकेच्या पैशाचें रक्षण करणारी जी योजना, तिच्यामुळेंच बंदी आज बिघाडाच्या वेषांत येते. यांत कोणाचाहि दुष्ट हेतु नाहीं. पण परिणाम असा कीं, नागरिकाला आपणांस अडविलें गेलें आहे हें कळतच नाहीं; तो राउटर चालूबंद करीत बसतो.

पाटी लावण्याची सोय मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. पान न सांपडल्याचा ४०४ हा क्रमांक सर्वांच्या ओळखीचा आहे. कायद्याच्या कारणानें पान देतां येत नाहीं, असें सांगणारा ४५१ हा क्रमांक २०१६ च्या फेब्रुवारींत अधिकृत झाला. ग्रंथ जाळणाऱ्या राज्याची कथा सांगणारी रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३ सालची. क्रमांक तिच्यावरून घेतला आहे. स्थळाचा चालकच बंदी पाळतो तेव्हां तो हा क्रमांक दाखवूं शकतो. आपल्या पडद्यावर हा क्रमांक किती वेळां दिसला, हें प्रत्येकानें आठवून पाहावें.

आतां कायद्याची बाजू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा; त्यांत २००८ च्या दुरुस्तीनें कलम ६९-अ घातलें गेलें. देशाचें सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशीं मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठराविक कारणांसाठीं केंद्र सरकारला एखादी माहिती अडविण्याचा हुकूम देतां येतो. न्यायालयेंहि असे हुकूम देतात; चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध ते पुष्कळ निघतात. राज्याला हा अधिकार मुळींच असूं नये, असें मी म्हणत नाहीं. दंगल पेटविणाऱ्या मजकुराला आळा घालण्याचें साधन कोणत्याहि सरकारला लागेल. सर्वोच्च न्यायालयानेंहि ता. २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत कलम ६६-अ रद्द केलें, पण ६९-अ कायम ठेवलें; कारणें लेखी नमूद करावीं लागतात आणि त्यांस न्यायालयांत आव्हान देतां येतें, हें त्यामागचें एक कारण. परंतु २००९ च्या नियमांपैकीं सोळावा नियम म्हणतो कीं, या तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळावी. आव्हान देण्याचा अधिकार आहे. आव्हान कशाला द्यावयाचें, हें मात्र गुप्त!

तनुल ठाकूर या पत्रकारांचा अनुभव या दृष्टीनें ऐकण्यासारखा आहे. त्यांनीं २०११ सालीं 'डाउरी कॅल्क्युलेटर' नांवाचें एक स्थळ काढलें. मुलाचें शिक्षण, नोकरी, पगार वगैरे भरलें कीं त्याचा हुंडा किती, हें तें स्थळ सांगे. हेतु उघडच हुंड्याची टर उडविण्याचा होता. २०१८ सालीं तें भारतांत उघडेनासें झालें. मालकाला नोटीस नव्हती. माहितीच्या अधिकाराखालीं विचारणा केली तर गुप्ततेचें उत्तर मिळालें. ते २०१९ सालीं दिल्ली उच्च न्यायालयांत गेले, आणि मे २०२२ मध्यें न्यायालयानें सांगितलें कीं, हुकुमाची प्रत त्यांना द्यावी आणि त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. आपण काय अपराध केला, हें कागदावर वाचावयास मिळावें यासाठीं एका माणसाला तीन वर्षें न्यायालयांत उभें राहावें लागलें. विनोद चांगला होता कीं वाईट, हा प्रश्न येथें अगदींच गौण आहे.

आणि अडविणारा हात नेहमीं नेमका पडतो असेंहि नाहीं. २००३ च्या सप्टेंबरांत याहूवरील एक गट बंद करण्याचा हुकूम निघाला. कंपन्यांना एवढा एकच गट अडवितां येईना, म्हणून त्यांनीं याहूचे सर्वच गट कांहीं दिवस बंद केले. २००६ च्या जुलैंत, मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर, मोजकीं पानें अडवावयाचीं असतांना ब्लॉगस्पॉटसारखीं संपूर्ण स्थळें दिसेनाशीं झालीं. २०१७ च्या ऑगस्टांत मद्रास उच्च न्यायालयाच्या चित्रपटचोरीविषयक हुकुमाच्या यादींत इंटरनेट आर्काइव्ह हें जुन्या ग्रंथांचें प्रचंड भांडार सांपडलें. २०२२ सालीं व्हीएलसी या चित्रफिती दाखविणाऱ्या साध्या, फुकट कार्यक्रमाचें स्थळ कित्येक महिने बंद होतें. त्याच्या फ्रेंच चालकांनीं कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरांत तें मोकळें झालें. शिवाय संशोधकांनीं तपासून दाखविलें आहे कीं, आपल्या देशांत निरनिराळ्या कंपन्या निरनिराळीं स्थळें अडवितात आणि रीतीहि निराळ्या वापरतात. त्यामुळें एका कंपनीच्या वाटेनें बंद आणि दुसरीच्या वाटेनें खुलें, हा मास्तरांच्या घरचा देखावा अपवादात्मक नव्हे. पूर्वीं उठलेली बंदी एखाद्या कंपनीच्या यादींत तशीच राहून गेलेली असणेंहि शक्य आहे, आणि ती विचारल्याशिवाय निघत नाहीं.

मग आडवाटेनें जावें काय? नातू व्ही. पी. एन. नांवाचें एक फुकट साधन घालावयास निघालाच होता. त्या साधनांत आपला सर्व व्यवहार एका बंद बोगद्यांतून तिसऱ्याच ठिकाणीं जातो आणि तेथून बाहेर पडतो. कचेरीचें काम घरून करणारे लोक तें रोज वापरतात, त्यांत गैर कांहीं नाहीं. पण बोगद्याचा मालक कोण, हें पाहिलें पाहिजे. फुकट बोगदा बांधणारा अनोळखी गृहस्थ आपण कोठें कोठें गेलों हें सर्व पाहूं शकतो. ज्या यंत्रावर आजोबांची बँक उघडते त्या यंत्रावर तो मला नको वाटला. आणखी एक गोष्ट : जें स्थळ खरोखरच हुकुमानें बंद आहे तें कां बंद आहे, हा प्रश्न आडवाटेनें गेल्यानें सुटत नाहीं, विचारावासाच वाटेनासा होतो.

म्हणून आम्हीं तिघांनीं बसून कंपनीला पत्र लिहिलें. स्थळाचें नांव, तारखा आणि वेळा, पडद्यावरील संदेशाचें छायाचित्र, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर तेंच स्थळ त्याच मिनिटाला उघडल्याची नोंद, आणि शेवटीं एकच प्रश्न : हें स्थळ आपण एखाद्या हुकुमावरून अडविलें आहे काय, असल्यास तो हुकूम अद्याप लागू आहे काय? असें पत्र लिहितांना 'इंटरनेट नीट चालत नाहीं' हें वाक्य चुकूनहि घालूं नये. तें दिसलें कीं पत्र वेगाच्या तक्रारींत जाऊन पडतें. तक्रारीचा क्रमांक अवश्य मागून घ्यावा, कारण समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपिलाच्या अधिकाऱ्याकडे जातांना तो लागतो. मास्तरांनीं तो आपल्या जुन्या हजेरीपटासारख्या वहींत तांबड्या शाईनें उतरून ठेवला आहे.

घड्याळाचा सेल दुसऱ्याच दिवशीं कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळाला. पत्राचें उत्तर आठव्या दिवशीं आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, कृपया आपला राउटर बंद करून दोन मिनिटांनीं पुन्हां सुरू करावा. मास्तरांनीं तसें केलें, वेळ लिहून ठेवली, आणि अपिलाचा अर्ज माझ्याकडून तपासून घेतला.